डब्यातली अर्धी गोळी

“दुखतंय ते नळीला कळता कामा नये, पोरी. नळीला कळलं की काचेला कळतं.”

काच फुंकायला शिकवणाऱ्या उस्तादांचा आवाज. सोळा वर्षं झाली तो ऐकून, पण कानात अजून तसाच होता, खरबरीत आणि उबदार. तो नेमका आत्ताच का आठवावा, दवाखान्याच्या बाकावर, मुलीच्या हनुवटीखाली स्टीलचा ट्रे धरलेला असताना, हे तिला कळेना.

मुलगी पुन्हा वाकली. पोटात काही उरलंच नव्हतं. जरासं पिवळं पाणी आलं आणि त्या पाठोपाठ एक कळ त्या सहा वर्षांच्या चेहऱ्यावरून सरकन निघून गेली. तिनं ओढणीच्या टोकानं मुलीचे ओठ टिपले.

“झालं, मुंगे. झालं हं.”

मुंगी हे नाव बापानं ठेवलेलं. रांगायला लागल्यापासून साखरेचा डबा जिथे असेल तिथे ही पोहोचायची. आज तिच्या ओठाला साखरपाणी लावलं तरी ती तोंड फिरवत होती. मान आईच्या दंडावर टाकून ती अर्धवट डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“पाणी?”

मुंगीनं नुसती मान हलवली. घसा दुखायला लागल्यापासून ती शब्द जपूनच वापरत होती.

बाप शेजारी बसला होता. घड्याळं दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि माणूसही तसाच. गुडघ्यावर त्यानं पिवळं फडकं पसरलं होतं, एरवी ज्यात घड्याळाचे काटे आणि चाकं गुंडाळून ठेवायचा ते. त्यात आता औषधाची बाटली होती, आकडे कोरलेली प्लॅस्टिकची पिचकारी होती, थर्मामीटर होता. दर पाच मिनिटांनी तो त्या तिन्ही वस्तू सरळ रेषेत लावत होता.

“मंगळवारी चारदा, बुधवारी चारदा, काल चारदा,” तो स्वतःशीच पुटपुटला. “आज सकाळी एकदा. सहा-सहा तासांनी. थेंबभर इकडचं तिकडे नाही.”

“माहीत आहे हो,” ती म्हणाली.

“डॉक्टर विचारणार. सांगायला नको?”

ते खरं होतं. सोमवारी मुंगीचा घसा धरला तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं होतं. लाल आहे, पण जंतूंचं औषध लागणार नाही, आठवड्यात आपोआप उतरेल, असं म्हणाले होते. दुखण्यापुरतं हे गोड औषध, वजनाप्रमाणे, दिवसाला चारदा, त्याहून जास्त नाही. चमचाभर मध चालेल, कोमट पाणी चालेल, आणि गार बरं वाटत असेल तर आइसक्रीमसुद्धा चालेल. त्यावर मुंगीनं बापाकडे असं पाहिलं होतं, जणू न्यायाधीशांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. बापानं तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या शिकवल्या. पहिली गुळणी तिनं गिळली, दुसरी बापाच्या सदऱ्यावर आली, तिसरीला मात्र मान वर करून तिनं अख्खं गाणं गुळगुळवलं होतं.

सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. निदान बापाला तसं वाटत होतं.

ती काचेच्या कारखान्यात नळी फुंकायची. दिव्याच्या चिमण्या, बरण्या, प्रयोगशाळेतल्या गोल बुडाच्या बाटल्या. तिच्या भट्टीवर पाच माणसं, नळी एकच. वितळलेल्या काचेचा गोळा टोकाला घेऊन नळी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जायची, आणि घेताना ती पुसायची नाही असा तिथला रिवाज होता. पुसली तर देणाऱ्याचा अपमान. पहिली दोन वर्षं तिच्या हातून नळी घेताना प्रत्येक जण पुसून घ्यायचा, बाईमाणूस म्हणून. ज्या दिवशी कुणी पुसली नाही त्या दिवशी ती घरी येऊन रडली होती, आणि नवरा हसत म्हणाला होता, “लोक दागिन्यानं खूश होतात, आमची फुंकणी थुंकीनं.” तेव्हापासून घरात तिचं नाव फुंकणी.

पण एका नळीला पाच तोंडं म्हटल्यावर एकाचा घसा धरला की आठवड्यात पाचांचा धरायचा. म्हणून तयार काच हळूहळू गार करायच्या कपाटावर एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे. ज्याच्या घरी गोळ्या उरतील त्यानं त्यात टाकायच्या, ज्याला लागतील त्यानं काढायच्या. पाकिटं कात्रीनं तुकडे तुकडे करून टाकलेली, त्यामुळे कशाचंच नाव पूर्ण उरलेलं नसे. नावाची गरजही कुणाला नव्हती. गुलाबी पोटाची, पिवळी झोपेची, आणि लांबट पांढरी, मधोमध रेघ असलेली, ती घशाची. गेल्या आठवड्यात तिचा स्वतःचा घसा सुजला तेव्हा त्या पांढऱ्या गोळीवरच तिनं पाच दिवस नळी फुंकली होती.

एकदा, मुंगी पाळण्यात असताना, त्या डब्यातल्या चार गोळ्या नवऱ्याला तिच्या पिशवीत सापडल्या होत्या. त्यानं आवाज चढवला नव्हता. मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला होता, “नाव नसलेलं काही या घरात कुणाच्या तोंडात जाणार नाही.” आणि तिनं हो म्हटलं होतं.

मंगळवारी पहाटे मात्र, कामाला निघताना, मुंगी अंथरुणात बसून हळू आवाजात रडत होती. रडण्याचंही दुखत होतं, म्हणून हळू. थुंकी गिळायची वेळ आली की तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. आणि हे दुखणं आपण आणलं, आपल्या ओठांवरून, आपल्या नळीवरून, हे आईला लख्ख माहीत होतं. तिनं पिशवीतली पांढरी गोळी काढली, रेघेवर मोडली, साखरपाण्यात चुरली.

“ही भट्टीची गोळी. बाबांना सांगायचं नाही हं. तुझं नि माझं गुपित.”

मुंगीनं ओठांवरून बोट फिरवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली आईच्या हातात दिली होती. अर्ध्या तासात तिला झोप लागली. आई हलक्या पावलांनी कामाला गेली.

संध्याकाळी पुन्हा अर्धी. मग रोजच.

“सिस्टर, ओ सिस्टर!”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बस कंडक्टर बसला होता. खाकी कपडे, गळ्याला मफलर, आणि आवाज फाटलेल्या चादरीसारखा. सुया-कापसाचा ट्रॉलीगाडा ढकलत चाललेल्या वयस्कर सिस्टर थांबल्या.

“काय हो?”

“नंबर कधी लागणार? घशात काचा टोचतायत.”

“कालपासून काय घेतलंत?”

कंडक्टरनं अभिमानानं खिसे उलटे केले. “ही घशाची. ही सर्दीची. आणि ही पुडी, अंगदुखीची, गरम पाण्यातली. तिन्ही वेळेवर.”

सिस्टरांनी चष्मा नाकावर घेतला, एकेक पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आणि तिन्ही त्याच्या मांडीवर आपटली.

“नावं तीन, रंग तीन, आणि औषध एकच! पॅरासिटामॉल. यात आहे, यातही आहे, आणि तुमच्या या गरम पाण्यातही आहे.”

“मग तिप्पट बरं वाटायला पाहिजे की!”

“तिप्पट बरं नाही वाटत. लिव्हरचे बारा वाजतात. आता डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही घ्यायची नाही. आणि हे तिन्ही त्यांच्यासमोर ठेवायचं, लपवायचं नाही. घशाला मीठ-पाण्याच्या गुळण्या करा, कोमट पीत राहा, आवाजाला सुट्टी द्या.”

“कंडक्टरनं गप्प बसून कसं चालेल, सिस्टर?”

“घंटी ओढा. तिला घसा नसतो.”

बाकावरची दोन-तीन माणसं हसली. घड्याळवालाही हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. तिला मात्र हसू आलं नाही. कंडक्टरच्या मांडीवरच्या पाकिटात एक गोळी उरली होती. लांबट, पांढरी, मधोमध रेघ.

“सिस्टर,” तिनं विचारलं, आवाज शक्य तितका सरळ ठेवून, “ती पांढरी… ती पण तेच का?”

“तेच ते. साडेसहाशे मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाची.” सिस्टर गाडा ढकलत पुढे गेल्या.

नवऱ्याच्या फडक्यावरच्या बाटलीवर बारीक अक्षरात तेच नाव छापलेलं होतं. चार दिवस ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. वाचून वाचून त्याचा अर्थच लागेनासा झाला होता.

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मंगळवारी दोन अर्ध्या. बुधवारी दोन. काल सकाळी एक, संध्याकाळी एक. ती संध्याकाळची उलटीत पडली, म्हणून लगेच आणखी एक. आज पहाटे एक. बोटं आठावर थांबली. मांडीखाली तिनं मूठ मिटली.

“चला, बाळाला आत घ्या.”

डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. तिनं मुंगीला कॉटवर झोपवलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोटावर उजव्या बाजूला फासळ्यांखाली बोटं दाबली. मुंगी कण्हली. डॉक्टरनं तिथेच पुन्हा एकदा, हळू दाबलं.

“उलट्या कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून,” घड्याळवाला म्हणाला. “आणि सकाळपासून अशी झोपाळलीय. घसा मात्र बरा होता, डॉक्टर. तीन दिवस फारच शांत होती.”

“औषध काय दिलंत?”

त्यानं फडकं उलगडलं. डॉक्टरनं बाटली घेतली, पिचकारी घेतली, त्याच्याकडून आकडे ऐकले, वजन विचारलं, मनातल्या मनात गुणाकार केला.

“हे बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी आली. बरोबर असणंच तिला आवडलं नव्हतं. “आणखी काही? दुसरं औषध, काढा, गोळी? शेजारच्यांनी, पाहुण्यांनी? ॲस्पिरिन वगैरे?”

“छे. नाव नसलेलं काही आमच्या घरात तोंडात जात नाही.”

तो हे इतक्या विश्वासानं म्हणाला की तिच्या तोंडात आलेला शब्द दातांशीच अडला. नवऱ्याच्या मानेकडे बघत ती उभी राहिली. कॉलर उसवली होती. शिवायची राहिली होती.

“मी रक्त पाठवतेय,” डॉक्टर म्हणाली. “रिपोर्टला दोन तास लागतील. मला लिव्हरची शंका आहे. कशानं, ते कळलेलं नाही. जंतुसंसर्ग असेल तर वाट वेगळी. औषध जास्त झालं असेल तर त्याला उतारा आहे, चांगला आहे, पण जितका लवकर तितका बरा. म्हणून पुन्हा पुन्हा विचारतेय. आठवून बघा.”

सुई टोचली तेव्हाही मुंगी रडली नाही. तिचा हात आईनं धरला होता. त्या हाताला अजूनही साखरेचा वास येत होता, की तिला तसं वाटत होतं.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून नणंद आली. नवऱ्याची मोठी बहीण, हातात थर्मास, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत निघाली होती.

“काय झालं माझ्या मुंगीला? काय खायला घातलंत?”

“खायला काही नाही, ताई. औषधाचं म्हणतायत,” घड्याळवाला म्हणाला.

“औषधाचं? पाजलं कुणी?”

“मी.”

ताईनं भावाकडे असं पाहिलं, जणू तो शाळेतून लाल शेऱ्यांचं प्रगतिपुस्तक घेऊन आलाय. “तू! लहानपणी चहात दोनदा मीठ घातलंस, ते विसरले नाही मी. मोठा घड्याळवाला. अरे, चमचा चुकला असेल तुझा!”

“चमचा नव्हता, पिचकारी होती.”

“तर मग पिचकारी चुकली असेल!”

आणि मग ती वहिनीकडे वळली. तिच्या सोळा वर्षांच्या संसारात ताईनं हातचं राखून टोमणे मारले नव्हते. भट्टीची बाई, घरची पाहुणी, नळीवर जीव आणि मुलीवर वरवर. आज ताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. जाड, उबदार हात.

“तू बिचारी दिवसभर आगीपुढे. तुला काय ठाऊक इथे काय चाललंय. तुझा काही दोष नाही गं.”

पाठीवरचा तो हात तिला भट्टीच्या दारासारखा लागला. सरकून बाजूला व्हावंसं वाटलं, पण ती हलली नाही. सोळा वर्षं ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते हेच होतं. इतक्या वेळानं ते मिळालं आणि ते तिचं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद-काटा अडखळत पुढे जात होता. नवऱ्यानं सवयीनं वर पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते अडखळणं तसंच सोडून दिलं. हातातली बाटली तो उजेडाकडे धरून फिरवत होता.

“आधीची बाटली संपली होती,” तो हळूच म्हणाला. “बुधवारी नवी आणली. आधीची कमी ताकदीची होती का? मी पाहिलं होतं. बहुतेक पाहिलं होतं.”

“पाहिलं होतंत,” ती म्हणाली. तेवढं तरी तिला म्हणता आलं. “तुम्ही दोनदा वाचून दाखवलं होतंत मला.”

“मग एखाद्या वेळी दोनदा पाजलं असेन. झोपेत. ही रात्री कण्हायची ना, तेव्हा.” तो कपाळ चोळायला लागला. “नाहीतर कसं होईल, फुंकणे? दुसरं कुणी आहे का घरात?”

तिनं खाली पाहिलं. फरशीवर कुणाच्या तरी बुटाचा ओला ठसा होता. तो वाळेपर्यंत थांबू, मग बोलू, असं तिनं ठरवलं. ठसा वाळला. मग ताई थर्मासचं झाकण उघडेपर्यंत. ताईनं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. रिपोर्ट येईलच, त्यात सगळं कळेल, आपण न बोलताही कळेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. आणि त्या विचाराची तिला एवढी शिसारी आली की तिनं कॉटचा गार दांडा घट्ट पकडला.

पडदा सरकला. डॉक्टर परत आली होती, अजून रिपोर्टशिवायच.

घड्याळवाला उठून उभा राहिला. “डॉक्टर, लिहून घ्या. माझ्या हातून जास्त गेलं असणार. शपथेवर सांगू शकत नाही, पण दुसरं काही होऊच शकत नाही.”

“किती जास्त?”

“ते… ते नाही सांगता येत.”

“दोन वेळा जास्त, की दहा वेळा?”

त्यानं पिचकारीवरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारा माणूस, त्याच्याकडे आकडा नव्हता. ताईनं डोळ्याला पदर लावला.

“हे बघा, मी तुमच्यावर खटला चालवत नाहीये,” डॉक्टर म्हणाली. “उताऱ्याचा निर्णय मला घ्यायचाय, आणि तुम्ही अंदाजानं कबूल झालात तर माझी दिशा चुकू शकते. खरं काय ते हवंय.” मग ती कॉटजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली, चेहरा मुंगीच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणून.

“बाळा, ऐकू येतंय का? छान. तुझं नाव मुंगी ना? मुंग्यांना सगळं माहीत असतं. मला एक सांग. बाबांनी गोड औषध दिलं. त्याशिवाय तुला कुणी काही दिलं होतं का? गोळी, पूड, काहीही?”

मुंगीनं डोळे उघडले. त्यांना उघडायला वेळ लागला. तिनं डॉक्टरकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग आईकडे. आईकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. ओठ कोरडे पडले होते, कडांना भेगा होत्या. सुई टोचलेला हात तिनं मोठ्या कष्टानं उचलला, आणि बोट ओठांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

“घसा दुखतोय का? बोलायला नको. नुसतं हो की नाही?”

मुंगीनं मान हलवली. नाही. कुणी नाही. आणि आईला बरं वाटावं म्हणून ती थोडीशी हसली.

डॉक्टर उठायला लागली. घड्याळवाल्यानं मान खाली घातली. ताई म्हणाली, “लेकरू कशाला खोटं बोलेल?”

“बोलतेय,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण नळीतून आल्यासारखा, लांबून. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं कोणाकडेच पाहिलं नाही. मुंगीचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“ती खोटं बोलतेय, डॉक्टर. मी शिकवलंय तिला. तीच गोळी, साडेसहाशेची, आमच्या कामावरच्या डब्यातली. अर्धी अर्धी करून मी दिली. यांना ठाऊक नव्हतं. मंगळवारपासून आठ वेळा. शेवटची आज पहाटे सहाला.”